गाणारा एक, बोलणारा दुसरा : रँडी न्यूमनची उपरोधिक गाणी आणि त्यांच्या नव्या आवृत्त्या

रँडी न्यूमन या अमेरिकी गायक-गीतकाराच्या गाण्यांतला ‘मी’ बहुतेक वेळा न्यूमन स्वतः नसतो. कधी तो गुलामांचा व्यापारी असतो, कधी वर्णद्वेषी पोलाद-कामगार, कधी साऱ्या जगावर बॉम्ब टाकून मोकळा होऊ पाहणारा देशभक्त; एका गाण्यात तर तो खुद्द देव असतो. हा ‘मी’ जे बोलतो ते त्याला मनापासून पटलेले असते. ऐकणाऱ्याला मात्र ते पटू नये, निदान पटताना कुठेतरी टोचावे, अशी गाण्याची रचना असते. लोकप्रिय संगीतात ही रीत क्वचित आढळते. प्रेमाचे गाणे गाणारा स्वतःच प्रेमात आहे आणि विरहाचे गाणारा स्वतःच विरहात आहे, असे श्रोता तिथे धरून चालतो. न्यूमनने ही समजूत मोडली आणि त्याची गाणी गैरसमजाला कायमची उघडी राहिली.

त्याचे जुने अल्बम नव्या आवृत्तीत बाजारात येतात तेव्हा रसिकांत दोन वाद रंगतात. पहिला आवृत्तीचा: आवाज कसा उतरला आहे, शेवटी जोडलेली जादा गाणी हवीत की नकोत, सोबतच्या पुस्तिकेत काय छापले आहे, आधी घरात असलेली तबकडी ठेवावी की काढून टाकावी. दुसरा शब्दांचा: अमुक ओळ कोण बोलतो, ती थट्टा आहे की कबुली, आणि थट्टा असेल तर कोणाची. पहिला वाद संग्राहकांच्या हौसेचा आणि दुसरा अर्थाचा, असे वरवर दिसते. उपरोधिक गाण्यांच्या बाबतीत मात्र ते दोन्ही एकच आहेत. उपरोध एकट्या शब्दांत राहत नाही. शब्द, आवाज, वाद्यमेळ, गाणारा माणूस आणि शेजारची गाणी यांच्यामधल्या अंतरात तो राहतो, आणि नव्या आवृत्तीत नेमके हेच अंतर कमी-जास्त होते.

न्यूमनचा जन्म २८ नोव्हेंबर १९४३ रोजी लॉस एंजेलिसमध्ये झाला. आल्फ्रेड, लायोनेल आणि एमिल हे त्याचे तिघे काका हॉलिवुडमधले संगीतकार होते. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या चित्रपटांआधी वाजणारी सुप्रसिद्ध तुतारीची धून आल्फ्रेड न्यूमन यांची. त्यांना नऊ ऑस्कर मिळाले. आई न्यू ऑर्लिन्सची असल्यामुळे बालपणाचा काही काळ त्या शहरात गेला. काकांकडून व्हायोलिनांच्या लाटा उठवणारे चित्रपटी वाद्यलेखन आले. न्यू ऑर्लिन्सकडून डुलत चालणारा पियानो आणि फॅट्स डॉमिनोच्या वळणाचा सैल, शब्द ओढत गाणारा आवाज आला. हे दोन वारसे एकमेकांत विरघळले नाहीत. वाद्ये भव्य काही सांगत असतात आणि आवाज त्यांच्याशेजारी खुर्चीत रेलून बसलेला असतो. न्यूमनच्या उपरोधाचे निम्मे काम या विसंगतीनेच होते.

इतरांसाठी गाणी लिहून सुरुवात केलेल्या न्यूमनचा पहिला अल्बम १९६८ मध्ये आला. त्यानंतर ‘ट्वेल्व्ह साँग्ज’ (१९७०), ‘सेल अवे’ (१९७२), ‘गुड ओल्ड बॉइज’ (१९७४) आणि ‘लिटल क्रिमिनल्स’ (१९७७) हे अल्बम आले. समीक्षकांनी त्यांची वाखाणणी केली, पण ‘लिटल क्रिमिनल्स’ सोडला तर खप बेताचाच राहिला. त्याची गाणी लोकांपर्यंत पोचली ती बऱ्याचदा इतरांच्या गळ्यातून. ‘मामा टोल्ड मी नॉट टू कम’ हे त्याचे गाणे थ्री डॉग नाइट या बँडने गायले आणि १९७० मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. पुढच्या पिढीला तो ‘टॉय स्टोरी’ (१९९५) या चित्रपटातल्या मैत्रीच्या गाण्यामुळे माहीत झाला. त्या गाण्यात उपरोधाचा लवलेश नाही. त्यातून न्यूमनकडे आलेला श्रोता जेव्हा त्याच्या सत्तरच्या दशकातल्या अल्बमची नवी आवृत्ती घरी आणतो, तेव्हा त्याला तोच आवाज भलतेच काही बोलताना ऐकू येतो.

उपरोध म्हटले की मराठी वाचकाला आधी व्याजस्तुती आठवते: वरून स्तुती, आतून निंदा, किंवा याच्या उलट. व्याजस्तुतीत वक्ता एकच असतो आणि आपण उलटे बोलतो आहोत हे त्याला ठाऊक असते. न्यूमनच्या गाण्यात उलटे कोणी बोलतच नाही. बोलणारा सरळच बोलतो. वाकडेपणा त्याच्या आणि गीतकाराच्या मधल्या जागेत असतो. ती जागा दाखवण्याच्या चार युक्त्या त्याच्या गाण्यांत पुन्हा पुन्हा येतात.

पहिली युक्ती निवेदकाच्या चुकीची. ‘गुड ओल्ड बॉइज’चे पहिले गाणे ‘रेडनेक्स’. त्याचे निमित्त एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे होते. अटलांटातल्या आपल्या उपाहारगृहात कृष्णवर्णीयांना पाऊल टाकू न देणारे लेस्टर मॅडॉक्स पुढे जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झाले. डिसेंबर १९७० मध्ये ते डिक कॅव्हेट यांच्या कार्यक्रमात आले आणि वादावादीनंतर मधूनच उठून गेले. न्यूमनच्या गाण्यातला दक्षिणी निवेदक या प्रसंगावर संतापून बोलतो आणि मुलाखतकाराला न्यूयॉर्कचा ज्यू ठरवून टाकतो. कॅव्हेट नेब्रास्काचे, आणि ज्यूही नव्हते. ज्यू आहे तो गाणे लिहिणारा न्यूमन. निवेदकाच्या लेखी न्यूयॉर्कच्या पडद्यावरचा प्रत्येक हुशार माणूस ज्यूच असणार, हे त्या एका चुकीतून कळते. ही चूक ज्याच्या ध्यानात येते त्याला बोलणाऱ्याचे माप मिळते. ज्याच्या ध्यानात येत नाही तो ती न्यूमनचीच समजू शकतो.

दुसरी युक्ती संगीत आणि आशय यांच्या विरोधाची. ‘सेल अवे’ या अल्बमचे शीर्षकगीत गुलामांच्या व्यापाऱ्याच्या तोंडी आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उभा राहून तो अमेरिकेची जाहिरात करतो: तिकडे सिंह-वाघांचे भय नाही, साप नाहीत, खायला गोड कलिंगडे, दिवसभर गाणे आणि मजा, चला, गलबतात बसा. आफ्रिकेत वाघ नसतोच, पण माल खपवणाऱ्याला त्याचे काय? गलबत निघाले आहे चार्ल्सटनला, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या गुलामांच्या सर्वांत मोठ्या बंदराला. शब्दांत क्रौर्याचा एकही उच्चार नाही. संगीत तर स्तोत्रासारखे: संथ पियानो, आणि समुद्र डोळ्यांपुढे पसरावा तशी वर चढत जाणारी व्हायोलिने. श्रोत्याला ती चाल मनापासून आवडते आणि आपल्याला नेमके काय आवडले हे क्षणभराने कळते. साखळदंडांच्या वर्णनाने जे साधले नसते ते या गोडव्याने साधले आहे.

तिसरी युक्ती गाणाऱ्याच्या ओळखीची. ‘लोनली अॅट द टॉप’ हे यशाच्या शिखरावरच्या एकटेपणाचे गाणे न्यूमनने फ्रँक सिनात्रा डोळ्यांसमोर ठेवून लिहिले होते. सिनात्रा यांनी ते घेतले नाही. त्यांनी गायले असते तर ती स्वतःच्या प्रतिमेची मोठी थट्टा ठरली असती. न्यूमनने ते स्वतःच गायले तेव्हा विनोद बदलला: ज्याच्या तबकड्या विकल्या जात नाहीत तो माणूस कीर्तीला कंटाळल्याचे सांगू लागला. शब्द तेच, गाणारा बदलला आणि थट्टेचा रोख फिरला.

चौथी युक्ती शेजाराची, म्हणजे गाण्यांच्या क्रमाची. ‘सेल अवे’च्या पहिल्या बाजूला देवाच्या सर्वव्यापी प्रेमाचे एक छोटे, शांत गाणे आहे. एकटे ऐकले तर ते भाबडे भजन वाटते. दुसऱ्या बाजूच्या शेवटी, अल्बमचे अखेरचे गाणे म्हणून, देव स्वतः बोलतो. मी तुमची शहरे जाळतो, तुमची मुले हिरावून नेतो आणि तरी तुम्ही माझेच गुण गाता. म्हणूनच मला माणूस आवडतो, असे तो सांगतो. ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध आणि हिंदू असे सगळ्यांचे पुरोहित मिळून त्याला साकडे घालतात, त्यालाही हेच उत्तर मिळते. हे ऐकल्यावर पहिल्या बाजूचे भजन मागे जाऊन बदलते. त्याची टोचणी त्याच्या स्वतःच्या शब्दांत नव्हती. ती आठ गाण्यांनंतर आली.

गाण्याचे असे चार आधार असतील, तर ते काढून घेतल्यावर काय होते हे न्यूमनच्या तीन प्रसिद्ध गाण्यांवरून दिसते. १९७७ चे ‘शॉर्ट पीपल’ ठेंगण्या माणसांविषयी वाटेल ते बोलणाऱ्या एका मूर्खाच्या तोंडी आहे. पूर्वग्रह किती निराधार असतो हे दाखवायला न्यूमनने मुद्दाम हास्यास्पद लक्ष्य निवडले. मधल्या कडव्यात सहगायक येऊन सगळी माणसे भाऊ-भाऊ असल्याचे गातात, आणि निवेदक काहीही न शिकता पुन्हा आपले तुणतुणे सुरू करतो. १९७८ च्या सुरुवातीला हे गाणे अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. काही रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला. मेरीलँड राज्याच्या विधिमंडळात त्याच्या प्रसारणावर बंदी घालण्याचे विधेयकही मांडले गेले. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या घटनात्मक हमीपुढे ते टिकणारे नव्हते. श्रोते मंद होते, असे म्हणून हे प्रकरण निकालात काढता येत नाही. रेडिओवर गाणे एकटे येते. ज्यांनी न्यूमनचे नावही ऐकले नव्हते अशा लाखोंच्या कानांवर ते दोन जाहिरातींच्या मध्ये पडले. शिवाय वर्गातल्या ठेंगण्या मुलाला चिडवायला त्यातून आयते शब्द मिळत होते, आणि त्या मुलाला गीतकाराचा हेतू ठाऊक असून काय उपयोग?

‘यू कॅन लीव्ह युअर हॅट ऑन’ हे ‘सेल अवे’मधले गाणे दुसऱ्या वाटेने गेले. मूळ ध्वनिमुद्रणात मोजक्या स्वरांचा मंद पियानो आहे आणि एक लटपटता पुरुष बाईला एकामागून एक हुकूम सोडतो आहे. लोक आपल्याला नावे ठेवतात, त्यांना प्रेम काय कळणार, असेही तो म्हणतो. ऐकणाऱ्याला त्याची कीव येते आणि थोडी भीतीही वाटते. जो कॉकर यांनी ते गायले, १९८६ च्या ‘नाइन अँड अ हाफ वीक्स’ या चित्रपटात ते वाजले आणि अंगातले कपडे एकेक करून उतरवण्याचे ते जगभरचे अधिकृत गाणे झाले. १९९७ च्या ‘द फुल माँटी’त टॉम जोन्स यांनी त्यावर कळस चढवला. या गाणाऱ्यांच्या आवाजात आत्मविश्वास काठोकाठ भरलेला आहे, ब्रास वाद्ये त्याला दुजोरा देतात, आणि मूळचा केविलवाणा माणूस नाहीसा होतो. शब्दांत म्हणावा असा बदल न होताही गाण्याचा अर्थ उलटला.

‘आय लव्ह एल. ए.’ (१९८३) हे तिसरे उदाहरण. मोटारीत हवा खात शहराचे गुण गाणारा निवेदक रस्त्यावर गुडघे टेकलेल्या एका बेघर माणसाकडेही त्याच उत्साहाने बोट दाखवतो, आणि ज्या रस्त्यांचा गौरव करतो ते बरेचसे सामान्यच आहेत. लॉस एंजेलिसच्या क्रीडासंघांनी विजयाच्या वेळी वाजवायला हेच गाणे घेतले. येथे उपरोध पूर्ण मेला असेही म्हणवत नाही, कारण न्यूमनला ते शहर खरोखर आवडते. गाण्यात थट्टा आणि माया एकत्र होत्या. मैदानावरच्या भोंग्यांतून माया तेवढी ऐकू आली.

रेडिओ, दुसऱ्याचा आवाज आणि मैदान यांनी सुटे केलेले गाणे पुन्हा आपल्या घरी नेण्याची सोय नव्या आवृत्तीत असते. या आवृत्त्यांमागचे पहिले कारण अर्थातच व्यापारी होते. १९८२-८३ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क, म्हणजे सीडी, बाजारात आली आणि कंपन्यांना घरात असलेला संग्रह लोकांना पुन्हा विकता आला. न्यूमनच्या सत्तरच्या दशकातल्या तबकड्या सुमारे अर्ध्या तासाच्या आहेत. सीडीवर एक तासाहून अधिक संगीत मावते. उरलेली जागा जादा गाण्यांनी, कच्च्या मुद्रणांनी आणि मैफलींतल्या तुकड्यांनी भरण्याची पद्धत यातूनच पडली. तेच तिसऱ्यांदा विकत घ्यावे लागते, ही संग्राहकांची तक्रार तेव्हापासूनची आहे आणि ती खोटीही नाही. पण या व्यापाराला अभ्यासाचे रूप देणाऱ्या काही कंपन्या होत्या. लॉस एंजेलिसमधल्या रेकॉर्डच्या दुकानातून उभी राहिलेली आणि पुढे वॉर्नरच्या छत्राखाली गेलेली ऱ्हायनो ही त्यांतली एक. तिने १९९८ मध्ये न्यूमनच्या तीस वर्षांच्या कामाचा चार डिस्कचा संच काढला आणि २००२ मध्ये ‘सेल अवे’ व ‘गुड ओल्ड बॉइज’ विस्तारित रूपात आणले.

२००२ च्या ‘गुड ओल्ड बॉइज’मध्ये दुसरी डिस्क आहे ती ‘जॉनी कटलर्स बर्थडे’ची. हे १९७३ च्या फेब्रुवारीतले कच्चे मुद्रण. न्यूमन एकटा पियानोवर बसून गातो आणि अधूनमधून प्रसंग समजावून सांगतो. अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा जॉनी कटलर हा पोलाद-कामगार, त्याची बायको मरी, त्याचा तिसावा वाढदिवस: एका माणसाभोवती अख्खा अल्बम रचायचा, अशी मूळ कल्पना होती. पुढे न्यूमनने ती सोडून दिली आणि दक्षिणेचा पट अधिक रुंद केला. त्यामुळे १९७४ मध्ये तबकडी ऐकणाऱ्याला कटलरचा पत्ता नव्हता. त्याला ‘मरी’ हे एक सुंदर प्रेमगीत वाटत होते: नवरा दारू प्यालेला आहे, प्यायल्याशिवाय त्याला हे बोलता येत नाही, आपण तिच्याशी वाईट वागलो हे तो कबूल करतो आणि व्हायोलिने त्याला सांभाळून घेतात. दुसरी डिस्क ऐकल्यावर कळते की ‘रेडनेक्स’मध्ये शिवीगाळ करणारा आणि ‘मरी’मध्ये रडणारा माणूस एकच होता. द्वेष आणि प्रेम एकाच तोंडातून येत होते. निवेदकाला राक्षस ठरवून मोकळे होण्याची श्रोत्याची सोय यामुळे संपते.

असा परिणाम घडवणारे कच्चे मुद्रण एकट्या न्यूमनचेच आहे असे नाही. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचे ‘बॉर्न इन द यू. एस. ए.’ १९८४ मध्ये ढोल आणि सिंथेसायझर यांच्या गजरात आले आणि अनेकांनी ते देशाभिमानाचे गीत मानले. १९ सप्टेंबर १९८४ रोजी न्यू जर्सीतल्या हॅमंटन येथे अध्यक्ष रेगन यांनी निवडणूक प्रचाराच्या भाषणात स्प्रिंगस्टीन यांच्या गाण्यांतल्या आशेचा दाखला दिला. गाणे मात्र व्हिएतनाममधून परतलेल्या आणि कुठेच काम न मिळणाऱ्या सैनिकाचे आहे. १९८२ च्या जानेवारीत स्प्रिंगस्टीन यांनी घरच्या चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर एकट्याने गिटारवर केलेले त्याचे कच्चे मुद्रण ‘ट्रॅक्स’ या संचातून १९९८ मध्ये लोकांपुढे आले. त्यात गजर नाही, फक्त कोंडलेला आवाज आहे, आणि गैरसमजाला वावही नाही.

इथे एक सावधगिरी बाळगावी लागते. कच्चे मुद्रण अर्थ स्पष्ट करते म्हणून ते अधिक खरे, असा निष्कर्ष रसिकांच्या चर्चेत सहज काढला जातो. पण कलावंताने ते बाजूला ठेवले होते, हेही तितकेच खरे आहे. ढोलांचा गजर आणि सैनिकाची हताशा यांची टक्कर हेच स्प्रिंगस्टीन यांच्या प्रसिद्ध मुद्रणाचे बळ आहे. ती काढली तर गाणे समजायला सोपे होते आणि लहानही होते. न्यूमनने कटलरचे नाव काढून टाकले तेव्हा त्याने श्रोत्यावर एक काम सोपवले: हा कोण बोलतो आहे ते तूच ओळख. दुसरी डिस्क ते काम करून देते. म्हणून ती मूळ अल्बमची किल्ली नव्हे. टाकून दिलेला आराखडा म्हणून ती ऐकायला हवी. तिला वेगळ्या डिस्कवर ठेवणे हा २००२ च्या आवृत्तीतला शहाणपणाचा निर्णय होता, कारण मूळ बारा गाणी त्यामुळे सलग आणि अखंड राहिली.

सलगपणाचे मोल याच अल्बमच्या मधोमध कळते. तबकडीची पहिली बाजू ‘लुइझियाना १९२७’ या गाण्याने संपते. मिसिसिपी नदीच्या त्या वर्षीच्या महापुराने लाखो लोक बेघर झाले होते. गाण्यात अध्यक्ष कूलिज आगगाडीने येऊन नदीने गरिबांच्या जमिनीची केलेली दैना पाहतात. प्रत्यक्षात कूलिज पूरग्रस्त भागात फिरकलेच नाहीत. त्यांनी हर्बर्ट हूव्हर यांना पाठवले. हे गाणे संपते, ऐकणारा उठतो, तबकडी उलटतो आणि दुसरी बाजू सुरू होते ती ह्यूई लाँग यांच्या स्वतःच्या प्रचारगीताने. लाँग १९२८ मध्ये, म्हणजे पुरानंतरच्या वर्षी, लुइझियानाचे गव्हर्नर झाले. गरिबांचे कैवारी आणि राज्याचे हुकूमशहा अशी दोन्ही बिरुदे त्यांना लाभली. पूर एका बाजूच्या शेवटी, त्राता दुसऱ्या बाजूच्या आरंभी, आणि मध्ये तबकडी उलटण्याइतकी शांतता. दिल्लीश्वर दुर्लक्ष करतो तेव्हा दांडगा पुढारी कसा जन्माला येतो, हे न्यूमनने एकाही शब्दावाचून सांगितले आहे. सीडीवर ही शांतता तीन-चार सेकंदांची होते. मोबाइलवर गाणी उलटसुलट क्रमाने ऐकली तर ती उरतच नाही.

‘सेल अवे’च्या नव्या आवृत्तीत अडचण वेगळी आहे. तिथे जादा गाणी मूळ अल्बमच्या शेपटाला जोडली आहेत. देवाच्या बोलण्यावर तबकडी थांबत असे, सुई उचलली जात असे आणि खोलीत काही वेळ कोणी बोलत नसे. आता देवाचे बोलून झाले की लगेच दुसरे काही सुरू होते. अखेरचा शब्द देवाचा राहत नाही. जादा गाणी स्वतंत्रपणे चांगली असतीलही, पण ती ज्या जागी ठेवली आहेत ती जागा रिकामी असणे हाच मूळ रचनेचा भाग होता.

आवाजाचा प्रश्नही तांत्रिक वाटतो तितका तांत्रिक नाही. जुन्या फितीवरून नवी प्रत करताना, म्हणजे रीमास्टरिंग करताना, हळू आणि मोठ्या आवाजांतले अंतर दाबून एकूण पातळी चढवण्याची प्रथा नव्वदच्या दशकापासून बोकाळली. मोटारीत किंवा कानात घालायच्या छोट्या यंत्रांत असे मुद्रण उठून वाटते. पण ज्या गाण्याचा अर्थ पुटपुटणारा आवाज आणि उसळणारी व्हायोलिने यांच्या अंतरात आहे, तिथे ते अंतर दाबणे म्हणजे अर्थ दाबणे. व्यापाऱ्याचा आवाज व्हायोलिनांइतका मोठा झाला की तो जिंकणारा नायक वाटू लागतो. अमुक आवृत्तीत पियानो मागे गेला, असे एखादा रसिक तक्रारीने म्हणतो तेव्हा तो नकळत अर्थाविषयीच बोलत असतो.

सर्वांत अवघड प्रश्न शब्दांचा. ‘रेडनेक्स’मध्ये कृष्णवर्णीयांसाठीची अत्यंत अपमानास्पद शिवी पुन्हा पुन्हा येते. ती निवेदकाची भाषा आहे आणि तिच्यावाचून गाणे उभेच राहत नाही, कारण शेवटच्या भागात फासा उलटतो. दक्षिणेच्या अडाणीपणावर हसणाऱ्या उत्तरेने कृष्णवर्णीयांना ‘स्वातंत्र्य’ दिले आहे, असे निवेदक म्हणतो, आणि त्या स्वातंत्र्याचे पत्ते वाचून दाखवतो: न्यूयॉर्कचे हार्लेम, शिकागोचे दक्षिण आणि पश्चिम भाग, क्लीव्हलंडचे हफ, ईस्ट सेंट लुइस, सॅन फ्रान्सिस्कोचे फिलमोर, बॉस्टनचे रॉक्सबरी. प्रत्येक पत्ता एका पिंजऱ्याचा. अल्बम आला १९७४ च्या सप्टेंबरात, आणि त्याच महिन्यात बॉस्टनमध्ये गोऱ्या आणि काळ्या मुलांना एकाच शाळेत आणणाऱ्या बसगाड्यांवर दगडफेक सुरू झाली. मूर्ख ठरवलेला निवेदक या एका बाबतीत बरोबर निघाला. म्हणून या गाण्याचा उपरोध दुधारी आहे: पहिला वार निवेदकावर आणि दुसरा, अधिक खोल, त्याच्यावर हसणाऱ्या सुशिक्षित श्रोत्यावर.

असे गाणे नव्या आवृत्तीत जसेच्या तसे छापावे का? ती शिवी ज्याच्यावर आयुष्यभर फेकली गेली त्याला निवेदक आणि गीतकार यांतला भेद समजतोच. तरी शब्द कानावर आदळतो. सभागृहात टाळ्या पडतात तेव्हा त्या कोणत्या अर्थाला पडल्या हे मंचावरून ओळखता येत नाही. डायर स्ट्रेट्स या बँडचे १९८५ चे ‘मनी फॉर नथिंग’ अशाच वादात सापडले. तिथे घरगुती यंत्रांच्या दुकानातला कामगार दूरचित्रवाणीवरच्या गायकांविषयी बोलताना समलिंगी पुरुषांसाठीची शिवी वापरतो. जानेवारी २०११ मध्ये कॅनडाच्या प्रसारण मानक परिषदेने मूळ गाणे रेडिओला अयोग्य ठरवले. त्याच वर्षी फेरविचार होऊन निर्णय केंद्रांवर सोपवला गेला. या उदाहरणावरून एक सीमा आखता येते. रेडिओवरचे गाणे न मागता कानावर येते, म्हणून तिथे संयमाची अपेक्षा रास्त आहे. अल्बमची आवृत्ती मात्र श्रोता स्वतःहून घरी आणतो आणि ती दस्तऐवजही असते. तिथे शब्द बदलणे म्हणजे निवेदकाला सभ्य करून सोडणे, आणि सभ्य निवेदकावर उपरोध चालत नाही. अशा वेळी कात्रीऐवजी चांगली टिपणी कामी येते: मॅडॉक्स कोण, बॉस्टनमध्ये त्या महिन्यात काय चालले होते, गाण्यातली गावे कोणती. आज तीस वर्षांच्या श्रोत्याला यांतले काहीही ठाऊक असायचे कारण नाही. पण टिपणीने एवढ्यावरच थांबावे. गाण्याचा अर्थ काय घ्यायचा हेही तिने सांगितले, तर समजावून सांगितलेल्या विनोदाची गत होते.

वरच्या उदाहरणांतून चांगल्या आवृत्तीच्या कसोट्या निघतात. मूळ गाणी मूळ क्रमाने आणि सलग असावीत. जादा सामग्री वेगळ्या डिस्कवर असावी आणि तिचा दर्जा कच्चा की नाकारलेला हे सांगितलेले असावे. आवाजातले चढ-उतार राखावेत, शब्दांना हात लावू नये आणि संदर्भ पुस्तिकेत द्यावेत. इंटरनेटवरून ऐकण्याच्या आजच्या पद्धतीत यांतल्या बहुतेक कसोट्या पाळल्या जात नाहीत: पुस्तिका गायब, डिस्कांतली सीमा पुसलेली, गाणे पुन्हा रेडिओसारखे सुटे. जुन्या तबकड्या शोधत फिरणाऱ्या रसिकांकडे केवळ स्मरणरंजनाचे वेड म्हणून पाहिले जाते ते या कारणाने अपुरे ठरते. ते गाण्याचा शेजार शोधत असतात.

तरी उत्तम आवृत्तीच्याही हाताबाहेरची एक गोष्ट राहते, ती म्हणजे काळ. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्सचे बांध फुटले आणि ‘लुइझियाना १९२७’ मदतनिधीच्या कार्यक्रमांतून गायले जाऊ लागले. कटलरच्या शेजारी बसलेले ते गाणे आता सगळ्या बुडालेल्या शहराचे शोकगीत झाले, आणि त्याला कोणी गैरसमज म्हणणार नाही. अणुबॉम्ब टाकून सारी भांडणे मिटवू पाहणारे १९७२ चे ‘पोलिटिकल सायन्स’ न्यूमनने २००३ मध्ये, इराक युद्धाच्या वर्षी, एकट्या पियानोवर गायलेल्या जुन्या गाण्यांच्या एका संग्रहासाठी पुन्हा मुद्रित केले. त्यातला अतिशयोक्तीचा भाग तोवर बराच कमी झाला होता. त्याच संग्रहात ‘लोनली अॅट द टॉप’ही आहे. ऑस्करसाठी पंधरा वेळा नामांकन मिळूनही रिकाम्या हाताने परतलेल्या न्यूमनला त्याच्या आदल्याच वर्षी पहिले ऑस्कर मिळाले होते. शिखरावरच्या एकटेपणाचे ते गाणे १९७२ मध्ये शिखराच्या आसपासही नसलेला माणूस गात होता. २००३ मध्ये गाणारा तिथे पोचला होता. शब्द, चाल आणि गाणारा तिन्ही तेच असूनही थट्टा अर्धी खरी झाली. १९७२ चा अल्बम कितीही काळजीने पुन्हा काढला, तरी तो ऐकणाऱ्याला हे ठाऊक असतेच.